विसाव्या ओळीतलं नाव

बेंबळी, ता. जि. धाराशिव
२ फेब्रुवारी २०२५

सोम्या,

खुशालीबिशाली विचारणार न्हाय. चौदा फोन केले तुला. आधी नुसता वाजायचा, आता वाजतबी न्हाय. परवा कडूबाईच्या मोबाईलवरनं लावला तर पयल्या रिंगला उचललास, माझा आवाज ऐकलास आन् ठेवलास. कडूबाई समोरच तांदूळ निवडत बसलेली. म्हणली, "कट झाला का?" म्या म्हणलं, व्हय, पुण्यात रेंज न्हाय. पुण्यात रेंज न्हाय! तिला पटलं का न्हाय देव जाणे. पण चाळीस वरसांची दोस्ती, आन् बायकोपुढं तुझी लाज झाकायची पाळी माझ्यावर आली बघ.

म्हणून पोस्टानं पाठवायलोय. पोस्टमन काय तुझ्या ब्लॉकला भीत न्हाय.

झालं काय ते ऐक, जसं काय तुला ठावंच न्हाय. संक्रांतीनंतर आमच्या बँजो पार्टीचा इडिओ नेटवरनं उडाला. कळंबच्या लग्नातला, पाठवणीच्या धुनीचा. चार वरसं व्हता तिथं. लोकं तेवढा एक इडिओ बघून आमाला सुपारी द्यायचे. त्याच्या जागी काळी पाटी आली, 'यातील संगीत दुसऱ्याच्या मालकीचे आहे.' मला वाटलं काय तरी घोटाळा झाला. धून माझी, बोटं माझी, की-बोर्ड माझा, आन् दुसरा मालक आला कुठनं? मग बाजारातल्या मोबाईलवाल्याला घेऊन बसलो. त्यो मागं मागं शोधत गेला. कुण्या कंपनीनं माझ्या धुनीखाली ढिम्म ढिम्म लावून रीलचं गाणं केलंय. त्यांनी कुठनं उचलली? तर तुझ्या इडिओतनं.

बघितला तुझा इडिओ. तू कॉम्प्युटर शिकवायचास त्या कळंबच्या क्लासातला तो पिवळा पडलेला कॉम्प्युटर टेबलावर, तू शेजारी हाताची घडी घालून उभा, पडद्यावर हिरवी अक्षरं वर वर सरकायलीत आन् त्याच्या पोटातनं माझी धून टुंई टुंई करत भाईर पडायलीय. जुन्या मशीनवाल्या हौशी लोकांच्या स्पर्धेत पयला नंबर. आन् खाली लिवलंयस, 'मराठवाड्यातील पारंपरिक लोकधून. शोध आणि रूपांतर : सोमेश.'

पारंपरिक! आरं, म्या जिता हाय अजून. सकाळी भाकर खाल्लीय.

शोध लावलास व्हय? कुठं सापडली तुला, नळदुर्गच्या किल्ल्यात? १९९५ साली तुझ्या बहिणीच्या, शिवकांताक्काच्या लग्नात ती धून बसवली तवा माझ्यापसनं चार हातांवर अँप्लिफायरची बॅटरी धरून कोण उभं व्हतं? तूच ना? तुझे वडील म्हणले, बल्या, माझ्या लेकीला सिनेमाच्या रडक्या गाण्यावर वाटं लावायची न्हाय, काय तरी आपलं वाजव. मी एकवीस-बावीस वरसांचा. घाबरत घाबरत उभ्या उभ्या वाजवलं. तुझी आई पदर तोंडात धरून रडायली आन् तू मला म्हणलास, "बल्या, हे कुठलं रे?" म्या म्हणलं, आत्ताच झालं. तवापसनं तीस वरसं पंचवीस गावात लेकी त्या धुनीवर सासरला गेल्या. त्यातली एकबी 'पारंपरिक' व्हती का?

गेल्या दिवाळीत तू आलास, ओट्यावर बसलास. म्हणलास, मला ही धून मिडी करून पेनड्राईव्हवर दे. मिडी म्हणजे आवाज न्हाय, कोणती पट्टी कवा दाबली आन् किती येळ धरली त्याची नुसती नोंद, असं तूच मला समजावलंस. ती नोंद म्हणं तू बेसिकमधी उतरवणार, क्लासमधी पोरांना शिकवायचास त्या जुन्या भाषेत. मला काय कळतंय त्यातलं! दोस्त हाय, पुण्याला एकटा बसून खेळतोय, खेळू दे. की-बोर्डवर वाजवून तसंच्या तसं दिलं तुला. आन् तू ते कुठं टाकणार, काय लिवणार, एका शब्दानं मला विचारलं न्हायस.

गेल्या रैवारी लग्नात नवरदेवाकडचा एक जण जवळ आला. म्हणला, "काका, ती रीलवाली धून तुमी लई भारी कॉपी करता." कॉपी! म्या हसलो त्याच्यापुढं. काय करू, लग्नघरी भांडू?

आता कामाचं. कंपनीवर अर्ज टाकलाय. ते म्हणत्यात, तुमचा इडिओ आधीचा असला तरी पारंपरिक धून कुणीबी वाजवतंय; ज्याच्या इडिओतनं आमी ती घेतली त्यानं लिवून द्यावं की ती पारंपरिक न्हाय, बलभीमची हाय. वीस मेच्या आत. न्हायतर धून कायमची त्यांची, आन् मी माझ्याच धुनीचा चोर. एक सही मागायलोय. बाकी तुझ्या बक्षिसाला मी हात लावणार न्हाय.

बलभीम

बेंबळी
२४ फेब्रुवारी २०२५

सोम्या,

तुझं रजिस्टर पाकीट मिळालं. आत सही न्हाय, पत्र न्हाय, 'बल्या' एवढाबी शब्द न्हाय. सहा पानांचा नुसता प्रोग्राम! आन् दुसऱ्या ओळीला लाल पेनानं गोल. ओळींचे नंबर दहा-दहानं चढवलेले, म्हणून वीस नंबर, त्याच्यापुढं 'रेम', आन् इंग्रजीत माझं नाव. बलभीम, बेंबळी.

खरं सांगू का, ते बघून माझा राग पार उतरला व्हता. कडूबाईला हाक मारून दाखवलं, म्हणलं, बघ, सोम्या तसा न्हाय, ह्यात माझं नाव घातलंय त्यानं आधीच. तिनं चष्मा लावून बघितलं, चहा टाकला. मीच म्हणलं, उगं वाकडं लिवलं त्याला.

पण ते 'रेम' काय असतं ते कळंना. मग कळंबला कामाला गेलो तवा तुझ्या जुन्या क्लासच्या जागी जो नवा क्लास हाय तिथं शिरलो. तिथल्या म्याडमनं कागद बघितले. हसली. म्हणली, "काका, एवढं जुनं मी कॉलेजात एकदाच बघितलं होतं. रेम म्हणजे शेरा. लिहिणाऱ्यानं आपल्यासाठी टीप ठेवायची. मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून पुढं जातं."

सोडून पुढं जातं!

वा रं गड्या. म्हणजे इडिओत माझं नाव दिसत न्हाय, खाली लिवलेलं न्हाय, स्पर्धेवाल्यांना ठावं न्हाय. आन् माझं नाव कुठं? तर ज्या ओळीला मशीनबी इचारत न्हाय तिथं. तुला ठावं व्हतं धून कुणाची हाय ते! चुकून पारंपरिक लिवलं असतंस तर येड्याला माफ केलं असतं. पण तू आत खरं लिवलंस आन् भाईर खोटं लिवलंस. ह्याला केसानं गळा कापणं म्हणत्यात आमच्यात.

अजून फुडं ऐक. म्याडमला म्हणलं, बाई, ही अक्षरं मला वाजवता येतील का? तिनं तासभर बसून मला कोणत्या अक्षराला कोणता सूर, कोणता आकडा म्हणजे किती लांब, ते वहीवर लिवून दिलं. घरी येऊन की-बोर्डवर एकेक अक्षर बघत वाजवलं. तीन दिस लागले. आन् वाजवून झालं तवा मला कळंना की माझं काय चुकायलंय. धून बरोबर, पण घरातलं कुणी तरी उठून गेल्यागत वाटायली.

मग ध्यानात आलं. खालचा सूर न्हायच.

तुला सांगायची गरज न्हाय, पण सांगतो. त्या धुनीत वर आई हाक मारती, लांब सूर धरून. आन् तो सूर चालू असतानाच खाली पोरगी मागं वळती, बारकं तीन सुरांचं वळण. शिवकांताक्का गाडीत बसताना तशी वळली व्हती, तिथनंच घेतलंय ते. दोन्ही एकदम वाजाय पायजेत, म्हणून तर मी डावा हातबी की-बोर्डच्या पट्ट्यांवर ठेवतो. तुझ्या प्रोग्राममधी आई हाक मारत बसलीय आन् पोरगी वळतच न्हाय.

परत कळंबला गेलो. त्या म्याडमनं ओळ काढून दिली, तीनशे चाळीस नंबर. म्हणली, "त्या मशीनला एका वेळी एकच सूर निघतो काका. म्हणून यांनी लिहिलंय, दोन सूर एकदम आले तर वरचा ठेव, खालचा टाक."

मशीनला एकच तोंड, कबूल. त्यात तुझा काय गुन्हा न्हाय. पण दोघींतल्या कुणाला गप करायचं हे मला एकदा विचारायचं व्हतंस. म्या तुला वाट काढून दिली असती. आईचा सूर मधी तोडून पोरीला जागा केली असती, एका बँजोवर तीस वरसांमागं तसंच करायचो की आमी. तुला मशीनची भाषा येती, मला धुनीची. दोघं बसलो असतो तर झकास झालं असतं काम. पण तुला एकट्यालाच टाळ्या पायजे व्हत्या.

प्रोग्राम ठेवून घेतलाय. सही पाठव. तीन महिनेबी राहिले न्हाईत.

बलभीम

बेंबळी
१४ मार्च २०२५

सोमेश,

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. एवढ्या दिवसांत पयल्यांदा तोंड उघडलंस आन् ते बी मला खोटं पाडायला. 'बल्या, दिवाळीत ओट्यावर मी तुला विचारलं होतं, नाव काय टाकू. तू नको म्हणालास. कडूवहिनी साक्षीला आहेत.'

आज धुळवड. पोरं रंग घेऊन दारात आल्ती, परत लावली. सकाळधरनं हा कागद पुढं घेऊन बसलोय.

व्हय. विचारलं व्हतंस. पयल्या पत्रात म्या लिवलं की विचारलं न्हाय, ते खोटं. कडूबाईलाबी विचारलं, तिला आठवतंय. ती म्हणली, "तुमी म्हणलाव की, नाव कशाला, आपण कोण मोठे लागून गेलो." आन् वर तोंड करून म्हणली, "म्या तवाच म्हणलं व्हतं, टाकू द्या की." ते मला आठवत न्हाय, पण म्हणली असंल.

पण सोम्या, तू बेंबळीत जन्मला न्हाईस का? पुण्यातच उगवलास? आपल्यात 'नको' म्हणजे काय असतं ते तुला मी सांगायचं? पंगतीला बसलेला माणूस पानावर आडवा हात धरतो, नको नको म्हणतो, तरी वाढपी बोटांच्या फटीतनं बुंदी सोडतोच की! आन् ज्या वाढप्यानं पयल्या 'नको'ला बादली उचलून फुडं नेली त्याला पंगत शिव्या घालती. तुझ्याच वडलांनी माझ्या पानावर असं किती येळा वाढलं. तुझ्या घरी आलो आन् चहा नको म्हणलं, म्हणून तुझ्या आईनं कवा कप परत नेला का? दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. म्या एकदाच म्हणलं. तू दुसऱ्यांदा विचारलंच न्हाईस.

मीबी वाट बघितली, आता लिवतोच. तू पेनड्राईव्ह खिशात घातलास, चप्पल घातलीस, मला वाटलं आता वळंल आन् म्हणंल, गप ए बल्या, तुझं नाव टाकणारच मी. तू म्हणलास, "चल, साडेपाचची गाडी गाठतो." फाटकापर्यंत सोडायला आलो तवाबी वाट बघत व्हतो. एवढी हाव व्हती नावाची तर तोंडानं का म्हणलं न्हाय, असं विचारशील. आपणहून आपलं नाव सांगायचं? बँजोवाल्यानं? लोक काय म्हणतील, बलभीमला लई चढली. लग्नात आमचं जेवण सगळ्यात शेवटी असतं, गड्या. तिथं उभं राहून 'ही धून माझी' म्हणायचं धाडस झालं न्हाय कवा. वाटायचं, ज्याला ठावं हाय तो सांगंल. ठावं असलेला एकच माणूस व्हता.

पण हेबी ऐक. म्या 'नाव नको' म्हणलं, ते माझ्या पदरात घाल. 'पारंपरिक लिव' असं म्या म्हणलं न्हाय. नाव न लिवणं येगळं आन् नाव नव्हतंच असं लिवणं येगळं. ह्यातलं तुला सगळं कळतंय, म्हणून तर तुझं पत्र चार ओळींचं हाय.

सही कवा पाठवणार ते त्यात कुठंच न्हाय.

बलभीम

बेंबळी
६ एप्रिल २०२५

सोमेश,

काल लोहाऱ्याला जाऊन आलो. तुझ्या दारात येणार नव्हतो, म्हणून शिवकांताक्काच्या दारात गेलो. जीपमधी मागं लटकून, उन्हाचं. तुझी तक्रार करायलाच गेल्तो, खोटं कशाला बोलू. तिनं ऐकून घेतलं सगळं. धून तिच्या लग्नातली, तिला काय समजावायचं. डोळं पुसलं. मग म्हणली, "बलभीम, सोमूची नोकरी जाऊन वरीस झालं. तुला सांगितलं न्हाय का त्यानं?"

न्हाय सांगितलं. दिवाळीत ओट्यावर दोन तास बसलास, पुण्याच्या ट्रॅफिकचं सांगितलंस, हे न्हाय सांगितलं.

अक्का म्हणली, त्या इडिओनं तुला उभं केलं. पेपरात फोटो आला, लोकधुनी शोधणारा माणूस म्हणून कॉलेजात बोलावत्यात, एक काम बी मिळायच्या बेतात हाय, आन् तुझ्या अस्मिताच्या सासरच्यांनी पोरगी बघताना तुझंच नाव काढलं. आता तू लिवून दिलंस की धून जुनी न्हाय, मित्राची हाय आन् मी खोटं लिवलं, तर सगळं ढासळतंय. म्हणून तू फोन घेत न्हाईस. म्हणली, "त्याला झोप न्हाय रे."

आता मला सांग, ह्याच्यावर मी काय करू? आपलेच दात आन् आपलेच ओठ. रागवावं तर वाईट वाटायलं, आन् वाईट वाटून घ्यावं तर राग येतोय. एवढं घडलं तर दोस्ताला सांगायचं न्हाय? म्या काय तुझं काम काढून घेतलं असतं का? एकदा म्हणला असतास, बल्या, मला तुझ्या धुनीची गरज हाय, तर म्या दिली असती. नावासकट दिली असती, आयच्यान. ते तुला पटलं न्हाय. मागून मिळाली असती ती चोरून घेतलीस.

निघताना अक्कानं दुसरं सांगितलं. अस्मिताचं लग्न अक्षय तृतीयेला, आत्याच्याच दारात, लोहाऱ्यात. पाठवणीला बँजो आमचाच, असं पोरीनं हट्ट धरून सांगितलंय. अक्कानं सुपारीचा नारळ माझ्या हातात दिला. अस्मिता तीन वरसांची असताना माझ्या मांडीवर बसून की-बोर्डच्या काळ्या पट्ट्या मोजायची. तिच्या लग्नाचा नारळ मी कसा परत करू?

येणार मी. वरात वाजवीन, हळद वाजवीन, तू सांगशील ते सिनेमाचं वाजवीन. पण पाठवणीची धून तवाच वाजंल जवा तुझी सही माझ्या हातात असंल. आधी न्हाय. ही धमकी समजायची तर समज. दुसरं काय माझ्या हातात ठेवलं न्हाईस तू.

बलभीम

बेंबळी
५ मे २०२५

सोमेश,

लग्नाला पाच दिस झाले. रोज लिवायला बसतो आन् उठतो.

तू दिवसभर माझ्यापुढनं चार येळा गेलास. फेटा बांधलेला, हातात अक्षतांचं ताट. एकदाबी थांबला न्हाईस. मी म्हणलं, सही आणली न्हाय, म्हणून तोंड चुकवायलाय. जेवणाच्या पंगतीत आमच्या पोरांना तू स्वतः वाढलंस, मला वाढलंस, बोलला न्हाईस. माझ्या मनात एकेक घट्ट होत गेलं.

मग गाडी लागली. फुलं लावलेली. तू आमच्याकडं आलास, घाम पुसलास आन् म्हणलास, "बल्या, ती वाजव."

एवढंच! सहीचं नाव न्हाय, चुकलो न्हाय, काय न्हाय. आन् माझी सटकली. म्या की-बोर्ड स्टँडसकट तुझ्याकडं वळवला. म्हणलं, "पारंपरिक हाय की ती. सगळ्यांचीच. वाजव तूच." आमची आठी माणसं बघायलेली. तुझे व्याही बघायलेले.

तू हात पुढं केलास. एक बोट एका पट्टीवर ठेवलंस, उचललंस, शेजारच्या पट्टीवर ठेवलंस. सहा पानं अक्षरं लिवलीस त्या धुनीची, आन् पयला सूर कुठं हाय ते तुला गावंना. मला बरं वाटलं. कुणाला सांगू नको, पण लई बरं वाटलं. तीस वरसांत वाजवूनबी तेवढं बरं वाटलं नव्हतं. तू हात मागं घेतलास आन् खाली मान घालून गाडीकडं गेलास.

तवाच तुझ्या बायकोनं हाक मारली, "अस्मू." आन् पोरगी वळली. आईकडं न्हाय, आमच्याकडं. तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, आता सुरू होईल. वाट बघत उभी राहिली, गाडीच्या दाराला हात लावून. आमच्या ढोलवाल्यानं मला कोपर मारलं. म्या हात खिशात घातले. कुणी तरी म्हणलं, चला, येळ होतोय. चाकाखाली नारळ फुटला, गाडी निघाली. मांडवात नुसता जनरेटर वाजायला.

सामान भरायलो तवा शिवकांताक्का आली. पाकीट हातात दिलं. म्हणली, "सोमूनं काल दिलंय माझ्यापाशी. पाठवणी झाल्यावर बलभीमला दे म्हणला. आधी दिलं तर सहीच्या बदल्यात धून घेतल्यागत होईल, ते नको. त्याला वाजवायची तर तो तशीबी वाजवंल, म्हणला."

पाचशेच्या स्टॅम्पवर. लोहाऱ्याच्या तहसीलमधी केलेलं. एकोणतीस एप्रिल, लग्नाच्या आदल्या दिवशी. 'सदर धून पारंपरिक नसून ती माझे मित्र बलभीम यांनी सन १९९५ मध्ये माझ्या बहिणीच्या विवाहात माझ्यासमोर रचली. मी माहीत असून खोटे लिहिले.' अक्का म्हणली, व्याह्यांनाबी तू लग्नाच्या सकाळी सांगितलंस, हात जोडून. म्हणजे मी की-बोर्ड तुझ्याकडं वळवला तवा त्या सगळ्यांना ठावं व्हतं. फकस्त मला ठावं नव्हतं.

मी टेंपोत पुढं बसलो, पोरं मागं. माझ्या शेजारची जागा रिकामी असून लोहाऱ्यापसनं बेंबळीपत्तोर कुणी फुडं आलं न्हाय. माझ्याच पार्टीतली पोरं.

कागद अर्जाला जोडलाय. लाज वाटली तरी जोडला, तुला खोटं सांगणार न्हाय. त्यांचं उत्तर आलं, इडिओ आठ दिवसात परत लागंल आन् धुनीपुढं माझं नाव येईल. कडूबाईनं गूळ वाटला गल्लीत. म्या एक खडा तोंडात टाकला.

तुझ्यावरचा राग गेला न्हाय. उगं गोड बोलून काय उपेग. तू जे केलंस ते मला मरूस्तोवर लागंल. पण आता त्याच्या शेजारी माझंबी एक येऊन बसलंय. तू माझं नाव खाल्लंस, ते परत देता आलं. म्या तुझ्या पोरीची पाठवणी खाल्ली, ती कुठनं आणून देऊ? तुला बोलायचं तर बोल, शिव्या दे, घरी येऊन दोन ठेवून दे. ब्लॉक काढलायस का ते बघायला काल फोन हातात घेतला आन् ठेवला.

आज सकाळी फोन वाजला, तर अस्मिता. सासरहून. तुझं माझं काय झालंय ते पोरीला कुणीच सांगितलेलं न्हाय. म्हणली, "काका, तब्येत कशीय? तुम्ही धून वाजवली नाहीत ना, तेव्हाच मी ओळखलं तुम्हाला बरं नाही. चेहरा किती उतरला होता तुमचा. मी गाडीत रडत होते, तर हे म्हणाले आईसाठी रडतेय."

म्या म्हणलं, व्हय पोरी, ताप व्हता. बोटं उचलत नव्हती.

तुला विचारंल ती. तूबी तेच सांग.

बलभीम